अण्णांना ओवाळायचं कुणी

१३ ऑक्टोबर १९५९, मंगळवार

ठरलं! अण्णांचा सत्कार होणार. रविवारी, २५ तारखेला, चामराजपेटेत, आपल्या बेंगळुरातल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये. आणि सगळं जमवायचं काम माझ्या गळ्यात. मीच गळा पुढं केला म्हणा.

दसऱ्याची सुट्टी संपून आज पहिली मिटिंग. ब्रँच मॅनेजर त्रिविक्रमराव म्हणाले, सयाजीराव, म्हणजे आमचे अण्णा, या महिनाअखेर रिटायर होतात. छत्तीस वर्षं विम्याच्या कामात — आधी जुन्या कंपनीत, मग सरकारनं सगळ्या कंपन्या एक केल्यावर इथं. ब्रँचमधले निम्मे एजंट त्यांच्या हाताखाली तयार झाले. निम्मे कसले? ज्यांना काम येतं ते सगळे!

मद्रासहून मोठे साहेब येणार. शाल, डोक्याला मैसूर पेटा, चंदनाचा हार, मानपत्र. "कोण करणार हे सगळं?" म्हणेपर्यंत माझा हात वर. बाकीचे एजंट हसले. हसोत. बायको आजारी पडली की याच लोकांचे हप्ते मी गोळा करून आणते, तेव्हा हसत नाहीत.

सुरुवातीला पाच सवाष्णींनी अण्णांना ओवाळायचं. ब्रँचची रीतच आहे ती. "मथुराबाई, त्या पाचजणी तुम्ही बघा." म्हटलं सरी, बघते.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. "ओवाळणार कोण?" एवढंच विचारलं. एवढ्या मोठ्या बातमीवर एवढंच! आमच्या घरात आनंद व्हायचा तर तो मला एकटीलाच व्हावा लागतो.

१४ ऑक्टोबर, बुधवार

मानपत्र लिहायला बसले. त्रिविक्रमरावांनी आकडे दिलेत — किती लाखांचा धंदा, कुठल्या वर्षी कुठली ढाल. वाचून झोप आली. हे अण्णा नव्हेत.

अण्णा कोण ते मला विचारा. आमचे हे टायफॉइडनं गेले, बघता बघता. घरात मी आणि सासूबाई. त्या तर ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, आता पोटचा एकुलता एक मुलगाही गेला. सुतकातच एक उंच माणूस दारात. काळा कोट, सायकल भिंतीला टेकवलेली. विमा काढला होता हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. सासूबाईंकडं बघून म्हणाला, "दाखले मी आणतो. तुम्ही कुठं धावू नका, अक्का." पुढं चेक घेऊन आला. थोरल्या चुलत दिरांनी हात पुढं केला. अण्णांनी चेक मागं घेतला. "हा तिच्या नावचा आहे. तिच्या हातात देणार." दीर म्हणाले, बायकांना पैशातलं काय कळतं. "कळेल की. आजच बँकेत नेतो तिला." आणि नेलं! दीर तेव्हापासून आमच्याकडं येत नाहीत. चांगलं झालं, नुसता कॉफीचा खर्च होता.

हाच अण्णांचा नियम. हाताखालच्या प्रत्येक एजंटाला तोंडपाठ — विकायला एकदा गेलास तर द्यायला तीनदा जा, आणि चेक बाईच्या हातात. दिराच्या नाही, भावाच्या नाही. या एका गोष्टीवरून त्यांनी चांगले कमावते एजंट काढून टाकले. जुन्या कंपनीच्या मालकाशी भांडले. आणि मला बोलावून एजंट केलं. "लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील. विमा कशासाठी ते तुला समजावून सांगावं लागणार नाही, तुझ्याकडं बघूनच कळेल." तेव्हा राग आला होता मला. आता तेच माझं भांडवल आहे!

हे मानपत्रात कसं लिहायचं? मद्रासच्या साहेबांना काय कळणार.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

अण्णांच्या घरी गेले होते, कॉटनपेटेत. तिथं सगळं उलटंपालटं झालं.

गोजरावहिनींनी कॉफी दिली. मी आपली उत्साहात सगळा कार्यक्रम सांगितला. अण्णांनी विचारलं, "ओवाळणार कोण?" पाच सवाष्णींची नावं सांगितली. त्यातली एक समाजाच्या सेक्रेटरींची नवी सून. तिनं अण्णांना उभ्या जन्मात बघितलेलं नाही.

अण्णा हसले. मग म्हणाले, "मथुरा, छत्तीस वर्षं मी कुणाच्या दारात गेलो?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"ज्यांचं घर बसलं त्यांच्या. त्या बायका हॉलमध्ये नसतील, तर तो सत्कार माझा नव्हे. साहेबांचा करून टाका. माझी शाल घरी पाठवा."

आवाज चढवला नाही. अण्णांचा आवाज चढला नाही की समजावं, आता देव आला तरी ऐकायचे नाहीत. वहिनी मला पोचवायला दारापर्यंत आल्या. "हट्टी आहेत स्वल्प. तूच बघ आता."

चालत निघाले. सिटी मार्केटपर्यंत वैतागलेली होते. आणि चामराजपेटच्या वळणावर एकदम डोक्यात आलं — त्या बायकांनी नुसतं येऊन बसायचं कशाला? त्याच ओवाळतील! सवाष्णी नकोतच. ज्यांच्या हातात अण्णांनी चेक दिला, तेच हात. मी मोठ्यानं बोलले बहुतेक. एक जटकेवाला घोडा थांबवून म्हणाला, "कुठं जायचं अम्मा?"

आता झोप कसली लागते.

१७ ऑक्टोबर, शनिवार

पहिली ठकुबाईकडं. तिची पिठाची गिरणी आहे, चामराजपेटेत, क्लेमच्या पैशातून घातलेली. नवरा असताना तिला कुणी ओळखत नव्हतं. आता पाच गल्ल्या तिला घाबरतात. मला वाटलं, ही काय, चटकन हो म्हणेल.

"येईन. मागं बसेन. ओवाळायचं नाव काढू नकोस."

"का पण?"

"त्या भल्या माणसाचं माझ्या हातनं वाईट झालं तर?"

ठकुबाई! जी मापात खोट काढणाऱ्या हमालाच्या कानफटात देते, ती ठकुबाई!

मग यल्लव्वाकडं. तिची मार्केटजवळ खानावळ. बेळगावकडची, बोलणं रोखठोक. भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्या हातचं समदं गाव जेवतंय की. पण ओवाळून घ्यायला कोण उभं ऱ्हाईल? तू शिकलेली बाई, तुला काय कळंना झालंय बघ."

चिकपेटेत दोघींकडं गेले. एकीनं दार अर्धंच उघडलं. दुसरी रडली. तिचं रडणं बघून मलाच चोरासारखं झालं.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "किती जणी हो म्हणाल्या?"

"एकही नाही."

"हं."

मला तो "हं" मुळीच आवडला नाही. स्वतः देवाच्या आरतीलासुद्धा मागं उभ्या राहतात, हळदीकुंकवाच्या दिवशी दार लावून घेतात. त्यांना काय, बरंच वाटलं असेल.

१९ ऑक्टोबर, सोमवार

त्रिविक्रमरावांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मथुराबाई, हा सत्कार आहे. ही चळवळ नव्हे. साहेबांच्या मिसेस येणार आहेत. समाजाची वडीलधारी माणसं येणार. स्टेजवर काय दाखवायचं? त्यांना मागच्या रांगेत बसवा, मी चहाफराळ देतो."

चहाफराळ! जसं काही भिकारी जेवायला घालायचेत.

बाहेर येऊन जिन्यात बसले. रागानं कान तापले होते. पण खरं लिहायचं तर — बायकाच नाही म्हणतात, मग मी कुणासाठी भांडते आहे?

कार्डं छापायला गेली. २५ तारीख.

२० ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

दळण न्यायला ठकुबाईच्या गिरणीवर गेले. मनातून तिच्यावर रुसलेच होते. ती गिऱ्हाइकांना सांगत होती, दळणं आधी आणा, भाऊबीजेला गिरणी बंद, मी होसूरला भावाकडं जाणार.

मी सहज विचारलं, "काय करतेस तिथं?"

"काय करतेस म्हणजे? ओवाळते भावाला."

"तू?"

माझ्याकडं बघितलं तिनं, वेडीकडं बघावं तसं. "भावाला बहीण ओवाळणार नाही तर कोण? त्यात कसली सवाष्ण नि कसली विधवा? बहीण ती बहीण."

पिठाचा डबा तिथंच राहिला. मी तिचा हात धरला. "ठकुबाई, आपण त्यांना काय म्हणतो?"

"कुणाला?"

"सयाजीरावांना. तू काय म्हणतेस? यल्लव्वा काय म्हणते? सगळ्याजणी काय म्हणतात?"

तिनं हात पदराला पुसले. तोंडावर पीठ, भुवयांवर पीठ. मग म्हणाली, "अण्णा."

"मग?"

पट्टा फटफटत होता. तिनं गिरणी बंद केली. गिऱ्हाईक ओरडायला लागलं तर म्हणाली, "थांबा ओ, महत्त्वाचं चाललंय."

भाऊबीज सोमवारी, २ नोव्हेंबरला. सत्कार त्या दिवशी! आपल्याच रीतीत दार होतं आणि मी भिंतीला डोकं आपटत होते.

तिथनं पळत चिकपेटेत, छापखान्यात. कार्डाचे खिळे जुळवून झालेले, शाई लावायची बाकी. "थांबा! तारीख बदलली!" छापखानेवाला म्हणाला, "मॅनेजरसाहेबांनी सांगितलं का?" म्हटलं, "सांगतील." माझा आत्मविश्वास बघून बिचाऱ्यानं मुकाट्यानं खिळे सोडले.

आता मॅनेजरसाहेबांना सांगायचं तेवढं राहिलं!

२१ ऑक्टोबर, बुधवार

त्रिविक्रमराव आधी भडकले. सोमवार कामाचा दिवस. अण्णा तोवर रिटायर झालेले असतील. साहेबांचं तिकीट. आणि त्यांना न विचारता छापखान्यात जाणारी मी कोण?

मी सगळं ऐकून घेतलं. मला ऐकून घेता येतं — विमा विकायचा तर आधी माणसाला नाही म्हणून दमू द्यावं लागतं, हे अण्णांनीच शिकवलंय. दमले तेव्हा हळूच विचारलं, "साहेब, तुमच्याकडं धारवाडला भाऊबीज करतात?"

"करतात की. का?"

"तुम्हाला कोण ओवाळतं?"

त्यांनी टेबलावरचा कागद इकडचा तिकडं ठेवला. मग म्हणाले, "अक्का. थोरली. मी शाळेत होतो तेव्हा तिचा नवरा गेला. दरवर्षी मी रात्रीची गाडी धरून जातो. एक वर्ष चुकवलं नाही."

मी टेबलावरचं कॅलेंडर त्यांच्यापुढं सरकवलं. दोन तारखेवर बोट ठेवलं.

"सरी," त्रिविक्रमराव म्हणाले. "मद्रासला फोन लावतो."

संध्याकाळी निरोप आला. साहेब येतात सोमवारी! मिसेसही येतात. त्यांना म्हणे असलं काही बघायला फार आवडतं. बघा म्हणावं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

पाय गेले. पण काय दिवस! ठकुबाई स्वतः निघाली माझ्याबरोबर. ती दारात उभी राहिली की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. यल्लव्वा आधी म्हणाली, "बघू." मग मी निघाले तर मागनं हाक — "ए, निरांजन तू देणार का आम्ही आणायचं?" चिकपेटेतली, जी रडली होती, ती आज परत रडली, पण येते म्हणाली. एक म्हातारी तर काही ऐकून घेण्याआधीच हो म्हणाली. तिला ऐकू येत नाही. तिच्या नातीनं कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा म्हणाली, "मग हो म्हटलं की मी!"

ठकुबाई सकाळी होसूरच्या भावाला ओवाळून दुपारच्या बसनं परत येणार. "एकाच दिवशी दोन भाऊ. माझी चैन आहे."

अण्णांना ओवाळण्याचं सांगितलेलं नाही. फक्त म्हटलं, त्या सगळ्या येतात. अण्णा म्हणाले, "खरंच?" आणि खिडकीकडं बघत बसले. वहिनींना मात्र सगळं सांगितलं. त्यांना सांगितल्याशिवाय कसं होणार — त्यांचा नवरा!

वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला वाटत होतं, त्या नव्या सुनेपुढं हे काय तोंड करून उभे राहणार."

सासूबाईंचं मात्र मला कळत नाही. रोज संध्याकाळी चौकशी. कोण कोण हो म्हणालं? ठकुबाई पुढं बसणार? त्या म्हातारीला कोण आणणार? मी सांगते. त्या ऐकतात आणि भांडी जोरात ठेवतात. इतक्या वर्षांत त्यांच्या मनातलं मला भांड्यांच्या आवाजावरूनच ओळखावं लागतंय.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

मानपत्र झालं! आकडे सगळे काढून टाकले. त्रिविक्रमरावांनी वाचलं, दोन आकडे परत घातले. चालेल. पहिलं वाक्य माझंच राहिलं — "अण्णा, तुम्ही दारात आलात तेव्हा आम्हाला कुणी विचारत नव्हतं."

घरात दिवाळीचा घाट. सासूबाईंनी कडबोळी केली, छान झाली. तळता तळता विचारलं, "त्या बायका नेसणार काय?"

"जे असेल ते. मला काय ठाऊक, अत्ते?"

"तू किती वाजता निघणार?"

"दुपारीच. खूप कामं आहेत."

"मग दुपारीच," म्हणाल्या. मी नसले की घरात शांतता, असंच असणार मनात. मी काही वाईट वाटून घेतलं नाही. मला वेळच नाही वाईट वाटायला!

३१ ऑक्टोबर, शनिवार

अण्णांचा शेवटचा दिवस. ड्रॉवरमधून निघालं काय — सायकलच्या पंक्चरचं सामान, अर्धी पेन्सिल, खूप साऱ्या बायकांनी दिलेल्या वेलदोड्यांच्या पुड्या. पुड्या त्यांनी सगळ्या एजंटांत वाटल्या. खूप शिळ्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

आज लक्ष्मीपूजन. दिवे लावले. परवा!

३ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्री दमून पडले, लिहिणं झालं नाही. आत्ता सकाळी लिहिते आहे. सगळं लिहायचं आहे, एकही गोष्ट सुटता कामा नये.

दुपारी हॉलवर. खुर्च्या, पताका, माइक. माइक बोलेना. मग नको तेव्हा बोलायला लागला. साडेपाचची वेळ. पाच वाजले — पुढची रांग रिकामी. सव्वापाच — रिकामी. समाजाचे सेक्रेटरी दोनदा येऊन म्हणाले, "आमची सून तयार आहे हं." त्यांच्या सुनेला मी काय केलं असतं सांगता येत नाही.

होसूरची बस यायची होती आणि ठकुबाई नव्हती. ती नाही म्हणून बाकीच्या नाहीत. मी फाटकात. पाटलोणीची इस्त्री सांभाळत त्रिविक्रमरावही फाटकात. मोटारीतून साहेब आणि मिसेस उतरले. त्रिविक्रमराव माझ्याकडं बघतात, मी रस्त्याकडं.

आणि मग आल्या! सगळ्या एकदम, गल्लीच्या तोंडातून. ठकुबाई पुढं, हातात ताट, त्यावर पदर धरलेला. त्या सगळ्या कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी जमून तिची वाट बघत बसल्या होत्या. एकटीदुकटीनं आत यायचं धाडस कुणाला झालं नव्हतं. यल्लव्वानं म्हातारीला जवळजवळ उचलूनच आणलं होतं. त्या फाटकातून आत शिरल्या आणि मला रडूच आलं. भोकाड पसरलं म्हणा ना. त्रिविक्रमरावांनी रुमाल दिला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या कशाला पुढं?" त्रिविक्रमराव माइकवर गेले. भाषण लिहून आणलं होतं ते खिशातच ठेवलं. "आज भाऊबीज आहे," म्हणाले, "या सगळ्या सयाजीरावांच्या बहिणी. मी धारवाडला जाऊ शकलो नाही. माझ्या अक्काला पत्र लिहून सांगितलंय, का ते." बस्स. मागची कुजबुज थांबली. भाऊबीजेला कोण काय बोलणार!

अण्णा स्टेजवर पाटावर. त्यांना तोवर कळलं नव्हतं. ठकुबाई ताट घेऊन पायऱ्या चढली तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी टोपी सारखी केली. मग परत सारखी केली. माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीत हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेनासं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ठकुबाईनं टिळा लावला. ओवाळलं. अक्षता टाकल्या. ताट पुढं धरून उभी राहिली.

अण्णा बघतायत. ठकुबाई बघते आहे. सगळा हॉल बघतो आहे.

ओवाळणी! भावानं ताटात काहीतरी घालायला हवं की! मी कार्डं केली, हार केले, माइक केला — आणि हे विसरले. अण्णांनी कोटाचे खिसे चाचपले. फाउंटन पेन निघालं, बसचं तिकीट निघालं. अण्णांचा चेहरा असा झाला की मी पडद्यामागं जमिनीत जायच्या बेतात होते.

तेवढ्यात गोजरावहिनी उठल्या. पहिल्या रांगेत त्यांच्या पायाशी एक गाठोडं होतं. मला वाटलं होतं, फराळाचं आहे. स्टेजवर नेऊन सोडलं — चोळीचे खण! लाल, हिरवे, मोरपंखी. चिकपेटेतून स्वतः निवडून आणलेले. "तुझ्या भावजयीला कळतं सगळं," ठकुबाईला म्हणाल्या, "भावाला काय कळतंय?" हॉल हसला. अण्णा हसले. ठकुबाईनं हिरवा खण घेतला आणि कुणी परत मागेल की काय तसा पदराखाली घातला.

मग एकेक. यल्लव्वानं अण्णांच्या तोंडात लाडू कोंबला, अख्खा. म्हातारीनं तीनदा ओवाळलं, कारण झालं म्हणून सांगितलेलं तिला ऐकूच येत नव्हतं. चिकपेटची बाई या वेळी रडली नाही — अण्णा रडले. त्यांचा चष्मा मीच पुसून दिला. साहेबांच्या मिसेस उठून उभ्या राहिल्या, मग साहेबांनाही उठावं लागलं. भाषणाला वेळच उरला नाही. साहेबांनी दोन वाक्यांत आटोपलं. आजवरचं त्यांचं सगळ्यांत चांगलं भाषण असणार ते!

शेवटी मी. घाईघाईनं ताट फिरवलं, निरांजन विझतंय की काय वाटलं. अण्णा हळूच म्हणाले, "सावकाश. हप्ता चुकलेला नाही." मला भाऊ नाही. काल होता.

सगळं आवरताना वहिनींनी विचारलं, "तुझ्या सासूबाई कुठं आहेत, सकवारबाई?"

"घरी."

"बरं नाही का त्यांना?"

"बऱ्या आहेत की," म्हटलं आणि खुर्च्या मोजायला पळाले. खुर्च्या भाड्याच्या होत्या.

घरी आले तर सासूबाई जाग्या. सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, एका दमात. ठकुबाई, खण, लाडू, म्हातारी. त्या ऐकत होत्या. मग उठून दिवा घालवला. एक शब्द नाही. आजही नाही. भांडीसुद्धा वाजत नाहीत.

४ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी चुलीपाशी सासूबाई बोलल्या. तोंड चुलीकडंच.

"रघूच्या लग्नात मला मागच्या खोलीत बसवलं होतं. माप ओलांडून तू आत आलीस, तेव्हा ओवाळलं जाऊबाईनं. मी फटीतनं बघितलं. पोटचा मुलगा होता माझा." लाकूड आत सारलं. "माझा भाऊ कधीच गेला. सुतकात दारात आला तेव्हा अण्णा मला अक्का म्हणाला होता. सोमवारी मी लुगडं काढून ठेवलं होतं. वाटलं, म्हणशील. साऱ्या बेंगळुराला म्हणालीस चला, मला तेवढं नाही म्हणालीस."

रोज विचारत होत्या — कोण, कशी, काय नेसून, कधी. रोज. आणि मी घरोघरी विधवा शोधत फिरत होते.

म्हटलं, "अत्ते, उठा. लुगडं नेसा. आत्ता जाऊ अण्णांकडं."

"भाऊबीज झाली परवा."

"होऊ दे."

"आज काय आहे मग?"

"बुधवार आहे."

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पाणी मारलं आणि आत गेल्या. जटका दारात उभा आहे. त्या निऱ्या घालतायत.